साडेपाचच्या एसटीचा शेवट

दिवाळी अंकाच्या संपादकांना मी फोनवर सांगितलं, यंदा कथा नाही, व्यक्तिचित्र देते. त्यांनी विचारलं, कुणाचं. मी म्हटलं, आमच्या अमरावतीच्या दिलरुबा टॉकीजमध्ये बायकांच्या बाल्कनीत बॅटरी दाखवायला होत्या, त्या लीलाबाईंचं. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "अरेरे. कधी गेल्या?"

"गेल्या नाहीत. सायकल स्टँडवर आहेत."

"असं का. बरं, बरं," ते म्हणाले, पण त्यांचा हिरमोड झालेला मला कळला. आपल्याकडे व्यक्तिचित्रातल्या माणसानं शेवटच्या परिच्छेदात जायचं असतं आणि लेखिकेनं त्याच्या दारात चपला काढून एक आवंढा गिळायचा असतो. मी स्वतः आजवर बऱ्याच जणांना असं पोचवलेलं आहे. त्यांतले दोघं नंतर मला भाजीबाजारात भेटले. एकानं तर अंकही मागितला.

लीलाबाईंना मात्र पोचवायचं नाही, असं मी आधीच कबूल करून बसले आहे. कुणाजवळ, ते पुढे येईल.

लीलाबाई भिलावेकर मूळच्या धारणीच्या पलीकडच्या, मेळघाटातल्या एका कोरकू गावच्या. नवरा लाकडाच्या ट्रकवर क्लीनर होता. लग्नानंतर तो ट्रक सोडून अमरावतीला आला आणि दिलरुबाच्या दारावर तिकिटं फाडायला लागला. दोनेक वर्षांनी त्याला ट्रकची आठवण आली, तो पुन्हा ट्रकवर चढला आणि परत उतरलाच नाही. टॉकीजचे जुने शेठ व्यवहारी होते. बायकांच्या बाल्कनीत पुरुष पाठवला तर बायका ओरडत, आणि ह्या बाईला अंधाराची भीती दिसत नव्हती. त्यांनी नवऱ्याच्या जागी तिला ठेवलं आणि हातात बॅटरी दिली. लीलाबाईंनी बॅटरीच्या काचेवर लाल पतंगी कागद बांधला, म्हणजे उजेड पायापुरता पडे आणि कुणाच्या डोळ्यांत जात नसे.

रंगानं लीलाबाई काळ्या. काळसर नाही, सावळ्या नाही, काळ्या. ते बाकीचे शब्द लग्नाच्या जाहिरातींसाठी असतात. मी त्या बाजारात 'गव्हाळ' म्हणून उभी होते. गहू कोणता, ते कुणी विचारलं नाही. लीलाबाई म्हणत, "अंधारात बॅटरी दिसली पायजे मॅडम. मी काहाले दिसली पायजे?"

पण पडद्यावर जंगल आलं की बाल्कनीतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळत. जंगल आलं म्हणजे शेकोटी येणार, शेकोटीभोवती डांबर फासलेली माणसं नाचणार, हिरोला खांबाला बांधणार, आणि मग त्यांच्यातलीच एक मुलगी, जिला डांबर जरा कमी लावलेलं आहे, ती हिरोवर भाळणार.

"लीलाबाई, तुमच्यात असंच राह्यते का वं?" एखादी हमखास विचारी.

"हो ना. आधी नाचतो, मंग माणूस शिजवतो," लीलाबाई म्हणत. "मंग मीठ कमी पडलं का धारणीच्या बजारात जातो."

डोक्यात खोचलेले पंख मात्र त्यांना खरोखरच खटकत. "कोंबड्याचे पंख कोनी डोक्यात खोचते का? कोंबडा खाते माणूस."

दिलरुबाचा तीनचा खेळ सहाला सुटायचा, आणि भातकुलीकडच्या बायकांची एसटी साडेपाचची. नंतरही गाडी होती, पण ती चुली पेटायच्या वेळेनंतर गावात पोचायची. दवाखाना, बँक, बाजार अशी कामं सांगून आलेल्या बाईनं त्या गाडीनं उतरणं म्हणजे घरी आपण होऊन पिक्चरची कबुली देण्यासारखं होतं. बचत गटाच्या बायका बँकेचं काम उरकून तीनच्या खेळाला बसत, आणि सव्वापाच झाले की बाल्कनीत एकदम साड्या सळसळत. पडद्यावर नेमकी तेव्हाच बंदूक निघालेली असे. जिन्याशी सगळ्या लीलाबाईंना घेरत. "सांग वं, लवकर सांग, पुढं काय होते?"

लीलाबाईंनी पिक्चर आधीच्या खेळांना पाहिलेला असे. त्या शेवट सांगत, बायका तो एसटीत बसवून गावात नेत आणि ज्या आल्या नव्हत्या त्यांनाही पुरवत. भातकुलीकडच्या कित्येक गावांत कैक वर्षं दिलरुबाच्या पिक्चरचा शेवट कुणी पाहिलाच नव्हता. तो लीलाबाईंनी सांगितलेला होता.

सव्वापाचला उठणाऱ्या ह्या बायकांत एक अमरावतीचीच होती. ती मी. मला कुठली एसटी गाठायची नव्हती. मी शाळेत मराठी शिकवायची, शनिवारी अर्धी शाळा, आणि एका दैनिकाच्या पुरवणीत दर आठवड्याला एक सदर लिहायची. बाईनं स्वतःसाठी वेळ मागून घेतला पाहिजे, असं त्यात बहुधा असे. आणि सव्वापाचला मी उठायची, कारण सहाला हे बँकेतून येत आणि आल्या आल्या त्यांना चहा लागे. जिन्यात भातकुलीच्या बायकांच्या मागे उभी राहून मीही शेवट ऐकायची आणि मनात म्हणायची, बिचाऱ्या ह्या खेड्यातल्या बायका.

मी लिहिते हे लीलाबाईंना ठाऊक होतं. टॉकीजचे मॅनेजर वकारभाई उर्दूइतक्याच आवडीनं मराठी अंक वाचत. दुपारी तिकिटाची खिडकी बंद झाल्यावर त्यांनी माझी एक कथा लीलाबाईंना वाचून दाखवली होती. पुढच्या शनिवारी लीलाबाईंनी मला जिन्यात गाठलं.

"मॅडम, तुमच्या गोष्टीतली ती भांडे घासणारी काहून मेली?"

"कथेची गरज होती," मी म्हटलं.

"तिले झालं काय होतं?"

"ताप."

"अन् ती मालकीण?"

"तिला पश्चात्ताप होतो."

"हं. मंजे एक मेली तवा दुसरी सुधरली," लीलाबाई म्हणाल्या आणि बॅटरी लावून त्यांनी मला पायरी दाखवली. मला ती समीक्षा फारच बाळबोध वाटली. घरी जाऊन मी चहा टाकला.

पुढे जुने शेठ गेले आणि गल्ल्यावर धाकटे शेठ आले. त्यांना बायकांच्या बाल्कनीत सोफे टाकून ती जोडप्यांना द्यायची होती, आणि बॅटरीवाली बाई त्यांच्या हिशेबात फुकटचा खर्च होती. "एक तक्रार आली की बॅटरी जमा करायची," असं त्यांनी लीलाबाईंना सांगून ठेवलं होतं. लीलाबाईंना दुसरं काम मिळालं नसतं असं नाही. धुणीभांडी शहरभर वाट पाहत होती. "पिक्चरात आमच्यासारखी दिसली का भांडेच घासते," त्या मला म्हणाल्या होत्या. "माह्या हातात बॅटरी हाय, ती मी नाही सोडत." त्यानंतर जिन्यात शेवट सांगताना त्या आधी खाली पाहून घेत, धाकटे शेठ पायथ्याशी आहेत का.

ही गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी आमच्याकडे बाहेरून टीव्हीवाल्यांच्या गाड्या फार येत. केशरबाई भातकुलीकडच्या एका गावच्या, अंगणवाडीत होत्या आणि बचत गटाच्या अध्यक्ष. खेळ सुरू व्हायच्या आधी एकदा त्यांनी सांगितलं, "आमच्या गावात टीवीवाले आले, तवा ह्या बाया अन् मी बोरिंगवर हसून राह्यलो होतो. तो पोट्टा म्हणे, बाई, तुमी जरा बाजूले व्हा, रडणारी कोनी हाय का? मी म्हटलं, हाय ना बापू, पण ती आता सोयाबीन सोंगाले गेली. सांजच्याले येजा."

बायका हसल्या. केशरबाई हसल्या नाहीत. "टीवीवर दिसलो का आमी रडतो, अन् पिक्चरात दिसलो का मरतो," त्या म्हणाल्या.

त्या दिवाळीला जो पिक्चर आला त्यानं सगळीकडची गर्दी खेचली. अकोल्याला म्हणे एकदम दोन टॉकीजना लागला होता. हिरो धरण बांधायला जंगलात जातो. तिथल्या फॉरेस्ट ऑफिसरची मुलगी लंडनहून आलेली, दुधासारखी. आणि जंगलातली झुमरी. झुमरी झालेली नटीही मूळची दुधासारखीच, पण तिला तपकिरी रंग दिलेला. पावसाच्या गाण्यात तिच्या मानेवरचा रंग खाली ओघळतो, हे बाल्कनीतल्या प्रत्येक बाईनं टिपलं होतं. झुमरी हिरोला पुरातून काढते, विंचू चावला तर पाला लावते, त्याच्यापायी बापाशी भांडते. पिक्चरभर कामं सगळी तिची, गाणी सगळी लंडनवालीची. सव्वापाचला खलनायकानं बंदूक रोखली, झुमरीनं हिरोच्या पुढे उडी घेतली, आणि आम्ही उठलो.

"मरते का वं?" जिन्यात केशरबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता. उत्तर त्यांना माहीतच असावं तसा.

"नाही मरत," लीलाबाई म्हणाल्या. "गोळी दंडाले घासून जाते. ती उठते अन् हिरोले म्हणते, जा बाबू तुह्या मेमसाबसंग, माह्यं जंगल मले पुरते. मंग सरकार तिले फॉरेस्ट गार्ड करते. शेवटी अंगावर खाकी, कमरेले पट्टा. हिरोची जीप नाक्यावर येते, तं ही आडवी काठी धरते. म्हणते, गाडी बाजूले घ्या साहेब, तपासा लागते."

बायका अशा हसल्या की खालून पुरुषांनी शिट्ट्या मारल्या. केशरबाई पायऱ्या उतरतानाही म्हणत होत्या, "तपासा लागते. काय बोलली पोट्टी."

मला रिक्षातच लेख सुचला. मुख्य धारेच्या सिनेमानं काळ्या, आदिवासी स्त्रीला नायकाच्या मांडीवर प्राण सोडण्याच्या कामातून अखेर मुक्त केलं, असं मी लिहिलं. गोऱ्या रंगाची सद्दी संपली, असंही लिहिलं. दिग्दर्शकाचं अभिनंदन केलं. शेवटच्या दृश्यातल्या प्रकाशयोजनेचंसुद्धा केलं. लेख पुरवणीत पहिल्या पानावर आला, झुमरीच्या चित्रासह, आणि आठवड्याभरात अकोल्याच्या एका कॉलेजचं बोलावणं आलं. विषय, 'लोकप्रिय चित्रपटांतील स्त्री आणि वर्ण'.

मी नवी इरकल नेसून अकोल्याला गेले. सभागृह भरलेलं. मी सुरुवातीपासून आले, डांबर फासलेल्या नाचांवर बोलले, लग्नाच्या जाहिरातींवर बोलले, माझ्या गव्हाळपणावर हशा घेतला. मग आवाज चढवत खाकीतल्या झुमरीवर आले. नाक्यावरची काठी मी हात आडवा करून दाखवली. टाळ्या येतील म्हणून थांबले.

समोरच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. जेबा तिचं नाव, आभाराचं काम तिच्याकडे होतं. ती अगदी अदबीनं म्हणाली, "मॅडम, ती तर मरते."

"तुम्ही शेवटपर्यंत बसला नसाल," मी हसून म्हटलं. "हेच आपलं चुकतं. कलाकृती पूर्ण पाहिल्याशिवाय मत बनवू नये."

"मी तीनदा पाहिला मॅडम. हिरोच्या मांडीवरच मरते. मरताना त्याचा हात उचलून लंडनवालीच्या हातात देते."

"मरते, मरते," मागून आवाज आले. एका मुलानं मरून दाखवलं. प्राचार्य भले गृहस्थ. ते माइकवर म्हणाले, "अमरावतीला वेगळी प्रिंट आली असावी." आणि मी, वीस वर्षं मुलांना कॉपी करताना पकडणारी बाई, मान हलवून म्हणाले, "हो. आमच्याकडे वेगळी आहे."

परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर पाहत बसले. मूर्तिजापूरपर्यंत मला लीलाबाईंचा राग आला. तिथून पुढे एक शंका यायला लागली, की आपण सव्वापाचला उठून आलो नसतो तर?

म्हणून पुढच्या शनिवारी आयुष्यात पहिल्यांदा मी दिलरुबात सहापर्यंत बसायचं ठरवलं. ह्यांना काही सांगितलं नाही. बाल्कनीत गेले तर भातकुलीच्या बायका आधीच बसलेल्या, नेहमीपेक्षा दुप्पट. सासवा होत्या, पोरी होत्या. केशरबाईंनी जीप ठरवून आणली होती. म्हणाल्या, "आज एसटीची घाईच नाही ताई. खाकीवाला शेवट डोळ्यानं पाहाचा हाय. तुमचा पेपर गावात सगळ्याईनं वाचला." त्यांच्या पिशवीत माझा लेख घडी करून ठेवलेला होता.

मी लीलाबाईंकडे पाहिलं. त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं. मला त्यांच्याशी बोलायचं होतं, पण तेवढ्यात दिवे गेले.

सव्वापाच झाले, कुणी उठलं नाही. झुमरीनं उडी घेतली. गोळी दंडाला नाही, छातीत लागली. ती हिरोच्या मांडीवर पडली, पुष्कळ वेळ बोलली, त्याचा हात लंडनवालीच्या हातात दिला आणि गेली. मग धरण झालं, पाणी सुटलं आणि पाण्यावर अक्षरं आली. दिवे लागले. खालचे पुरुष निघून गेले. बाल्कनीतलं कुणी हललं नाही.

"पुढचं लावा," केशरबाई म्हणाल्या.

वकारभाई धापा टाकत वर आले. "पिक्चर खतम झाला बाई. अब क्या पुढचं?"

"खाकीवाला भाग कापला तुमी."

टॉकीजवाले वेळ गाठायला मधली गाणी कापत, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं, म्हणून वकारभाई एकदम नाही म्हणेनात. त्यांनी ऑपरेटरला बोलावलं. ऑपरेटर शपथेवर म्हणाला की दुसरं गाणं आपण कापलं आहे, शेवट नाही कापला. तेवढ्यात धाकटे शेठ वर आले.

"रीळ लावा, नाही तं आमी उठत नाही," केशरबाईंनी त्यांनाही ऐकवलं आणि लेख उलगडून पुढे धरला. "हे पाहा. छापून आलं हाय. ह्या ताईनंच लिहिलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीखाली वाकून चप्पल शोधत होते. चप्पल पायातच होती.

खरं सांगितलं असतं तर लीलाबाईंची बॅटरी गेली असती. मीच रचलं म्हटलं असतं तर माझं नाव गेलं असतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "असं आहे की, समीक्षेत कधी कधी चित्रपटाच्या पलीकडचा एक संभाव्य अवकाश..."

"ताई, मराठीत सांगा," केशरबाई म्हणाल्या.

मी काही सांगायच्या आत शेठ ऑपरेटरकडे वळले. "रीळ कुठाय? उद्यापासून येऊ नकोस."

तेव्हा लीलाबाईंनी बॅटरी लावली. पायाशी नाही, स्वतःच्या तोंडावर. लाल उजेडात त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला.

"त्याले काहून काढता? रीळ कोनी नाही कापली," त्या म्हणाल्या. "खाकीवाला शेवट पिक्चरात नाही. तो माह्या हाय. मॅडमनं माह्याकडूनच ऐकला."

केशरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मंजे आजवर तू सांगितलं, ते?"

"काही खरं, काही माह्यं."

"ती घरातून काढलेली, जी मास्तरीण झाली?"

"नाही झाली. नदीत गेली."

"अन् तो सासरा, ज्यानं सुनेची माफी मागतली?"

"कोनता सासरा माफी मागते, केशरबाई?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "अन् ती विधवा, जिचं लगन लागलं?"

"ते खरं हाय. ते पिक्चरवाल्यानंच लावलं. मलेबी नवल वाटलं."

कुणीतरी फिसकन हसलं, पण केशरबाई चिडलेल्या होत्या. "आमी तुह्या भरवशावर जात होतो वं. गावात सांगत होतो. काहून केलं असं?"

लीलाबाईंनी बॅटरी खाली केली. "पयल्या खेपेले तुह्याच गावची एक बाई होती. पिक्चरातली मरणार का म्हणून जिन्यात रडाले लागली. एसटी सुटून राह्यली होती. रडत एसटीत कशी चढंल, म्हणून मी म्हटलं, नाही मरत. ती हसत गेली. मंग आदत लागली." त्यांनी काचेवरचा लाल कागद बोटानं सारखा केला. "गोऱ्या हिरोइनीची मले काही काळजी नाही. तिले पिक्चरवालेच पाहून घेतात. माह्यासारखी आली का मले मालूम राह्यते, हिले मारतात आता. तुमी सगळ्या एसटी पकडून घरी जाता. मले वाटे, एखादी ती बी जावो घरी."

केशरबाईंनी माझा लेख घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला. धाकट्या शेठना जी तक्रार हवी होती ती मात्र जीप भरून आली होती. त्यांनी हात पुढे केला. लीलाबाईंनी काचेवरचा लाल कागद काढून कमरेला खोचला आणि बॅटरी दिली. कागद त्यांचा होता.

"शेठजी, तक्रार रीळीची होती," केशरबाई म्हणाल्या. "हिची आमी काही केली नाही." पण शेठ तोवर जिना उतरत होते.

मी घरी पोचले तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. जिन्यातच माझी क्षमायाचना तयार होती. हे पेपर वाचत होते. "चहा राहिला," मी म्हटलं. ते म्हणाले, "बँकेत साडेपाचला चहा होतो की रोज. तू लगेच ठेवतेस, म्हणून घेतो." इतकी वर्षं मी पिक्चरचे शेवट ज्या चहासाठी सोडले, तो त्यांना नको होता. हे कुणाला सांगावं ते मला कळेना, म्हणून मी चहा केला आणि दोन्ही कप स्वतः प्याले.

पुढच्या पुरवणीत, रांगोळीच्या नमुन्याखाली, तीन ओळींची दुरुस्ती आली. 'सदर लेखातील चित्रपटाचा शेवट अनवधानाने वेगळा प्रसिद्ध झाला.' अकोल्याला मात्र मी अजून पुन्हा बोलायला गेलेली नाही.

आता ज्या वाचक भगिनींना साडेपाचची एसटी गाठायची आहे, किंवा सहाचा चहा टाकायचा आहे, त्यांच्यासाठी शेवट असा: भातकुलीच्या बायकांनी दिलरुबावर बहिष्कार टाकला, बाल्कनी ओस पडली, धाकटे शेठ स्वतः लीलाबाईंच्या खोलीवर गेले, माफी मागितली आणि नवी, चार सेलची बॅटरी हातात दिली. त्या भगिनींनी निघावं. पायऱ्या जपून.

ज्या बसणार आहेत त्यांनी बसावं. बॅटरी परत मिळाली नाही. बाल्कनीत सोफे आले, लाल रेक्झिनचे. मोठे पिक्चर येत राहिले, बायकाही येत राहिल्या, कारण दुसरं जायला ठिकाण नव्हतं. टॉकीजच्या सायकल स्टँडचा ठेका वकारभाईंच्या मेव्हण्याकडे होता, त्यानं तिथं लीलाबाईंना बसवलं. पत्र्याचं छप्पर आहे, उन्हाळ्यात भाजून निघतं. धुणीभांडी करावी लागली नाहीत, एवढं खरं.

स्टँडच्या बाजूनंच एसटीकडे जायची वाट आहे. गेल्या शनिवारी मी तिथं बसले होते. सव्वापाचला भातकुलीच्या बायका आल्या, केशरबाई पुढे. केशरबाई मधले काही महिने लीलाबाईंशी बोलत नव्हत्या, नुसत्या समोरून जायच्या. आता बोलतात.

"आज एक नर्स हाय," केशरबाई म्हणाल्या. "काळीसावळी. हिरोले रगत देऊन राह्यली."

"पाहिला मी पोस्टर," लीलाबाई म्हणाल्या. आता त्यांना आत जाता येत नाही, पोस्टरवरूनच काढावं लागतं. "पिक्चरवाल्याचा सांगू का माह्या?"

"पिक्चरवाल्याचा आमाले मालूम हाय. तुह्या सांग. पण लवकर, गाडी लागली."

लीलाबाईंनी सांगितला. नर्सचं रक्त हिरोला जुळत नाही, ते गोऱ्या हिरोइनीचंच जुळतं, तेव्हा तिनंच द्यावं. नर्सची ड्यूटी संपलेली असते, ती डबा उचलते आणि घरी जाते. बायका हसत एसटीकडे पळाल्या.

मी म्हटलं, "लीलाबाई, मी तुमच्यावर लिहितेय."

त्यांनी एका सायकलचा बिल्ला तारेत अडकवला. "शेवटी मारून नोको टाकजा."

"नाही टाकत."

"तापानं बी नाही."

"तापानं बी नाही."

"मंग लिहा," त्या म्हणाल्या, आणि तीनचा खेळ सुटायच्या आत सायकली ओळीनं लावायला उठल्या.